शून्याआधीची पावलं

पाऊण हे काही माणसाचं नाव नव्हे, हे तिलाही मान्य होतं. पण लहानपणी तिला काहीही विचारा, दूध किती, पाव किती, झोपताना गोष्ट केवढी, उत्तर ठरलेलं: पाऊण. अर्ध्यावर तिचं भागत नसे आणि पूर्ण तिला जात नसे. ताटात वाढणारा दादा, त्यामुळे नाव ठेवणाराही दादाच. आता ती चाळिशीला टेकली होती, चष्मा लागला होता, प्रयोगशाळेत हाताखाली चार माणसं होती, तरी घरात ती पाऊणच राहिली.

आणि नशिबाची थट्टा बघा, पोटापाण्यासाठी तिने गणित धरलं तेही पाऊणच. म्हणजे असं, की कॉलेजात विकलन शिकवतात. चालणाऱ्या माणसाची जागा घ्या, तिचं एकदा विकलन करा, त्याचा वेग मिळतो. दुसऱ्यांदा करा, वेग कसा वाढतो-घटतो ते मिळतं. एकदा, दोनदा, इथवर जगाचं ठीक चाललं होतं. मग तीनशे वर्षांपूर्वी कुणाला तरी किडा चावला आणि त्याने विचारलं, अर्ध्यांदा केलं तर? पाऊण वेळा केलं तर? भल्याभल्यांनी कानावर हात ठेवले. पण प्रश्न मेला नाही, आणि अलीकडे तर त्याला असे दिवस आलेत की विचारू नका. पाऊणच्या प्रयोगशाळेतच एक जण मातीत पाणी कसं मुरतं ते या गणिताने मांडत होता, आणि शेजारचा बॅटरीवाला त्यानेच जुन्या बॅटरीचं उरलेलं आयुष्य सांगत होता.

दादाने हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो पोट धरून हसला होता. "म्हणजे तुला पगार पाऊणचाच मिळतो," तो म्हणाला, "फक्त पाऊण पगार देत नाहीत म्हणजे झालं."

"हस तू," ती म्हणाली होती. "साधं विकलन फक्त आत्तापुरतं बघतं रे. आमच्या विकलनाला मागचं सगळं लागतं. रबर आत्ता किती दबेल हे काढायचं तर ते काल किती दबलं होतं, परवा किती, सगळं विचारात घ्यावं लागतं. जितकं जुनं तितकं पुसट होतं, पण पुरतं पुसलं कधीच जात नाही."

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही," दादा म्हणाला.

"तेच. आम्ही त्या पिळाचा हिशोब लावतो."

तेव्हा दादाला दोन्ही पाय होते. तो पोस्टमन होता, आणि पोस्टमन म्हणजे उगाच नाही, उतारावरच्या वस्तीचा पोस्टमन. त्या वस्तीत गाडी चढत नाही. पायऱ्या, बोळ, पुन्हा पायऱ्या, आणि अगदी माथ्यावर घड्याळं दुरुस्त करणाऱ्या म्हातारीचं निळं दार. आई-वडील लवकर गेले तेव्हा दादा अठराचा होता आणि पाऊण सात वर्षांची. त्याने पोस्टाची पिशवी खांद्याला लावली ती तिच्यासाठी. दिवसभर ती शेजारच्या मावशींकडे असायची, आणि संध्याकाळ झाली की घरी येऊन, आतून कडी लावून, दाराशी बसायची. पावलं ऐकू यायची. टकटक व्हायची.

"कोण?" ती विचारायची. कोण ते पक्कं माहीत असायचं तरी.

"पोस्ट," बाहेरून जाड आवाज यायचा. "सही लागेल."

ती कडी काढायची, दादा तळहात पुढे करायचा आणि ती त्यावर बोटाने सही करायची. वेड्यावाकड्या रेघा, दुसरं काय. मग तो आत यायचा. ती मोठी झाली, तिच्याकडे किल्ली आली, दोघांच्या वेळा बदलल्या आणि हा खेळ कधी थांबला ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

दोन वर्षांपूर्वी वस्तीतली एक जुनी भिंत बसली आणि दादाचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. पोस्टाने वाईट वागवलं नाही. त्याला आत बसवलं, पत्रांवर ठसे मारायच्या टेबलावर. पण दिवसभर ठपाठप ठसे मारून घरी येणारा दादा पाऊणला बघवत नसे. हसायचा तो, नाही असं नाही. पण जेवताना मध्येच थांबायचा आणि दूर कुठेतरी बघत राहायचा, बस चुकलेल्या माणसासारखा.

मग नवे साहेब आले. माणूस सरळ होता. त्यांनी दादाला बोलावून सांगितलं, "महिनाअखेरच्या सोमवारी माझ्यासोबत पूर्ण फेरी मारून दाखवा. पिशवी खांद्याला, सगळी दारं, थेट वरपर्यंत. जमलं तर वस्ती तुमची. नाही जमलं तर मला कायमचा दुसरा माणूस नेमावा लागेल, आणि मग मलाही ते फिरवता येणार नाही."

आता नवा पाय दादाकडे होता आणि पाय चांगला होता. घोडं अडलं होतं अस्तरापाशी. पायाच्या वरच्या खोबणीत, जिथे उरलेला पाय बसतो तिथे, मऊ अस्तर लागतं. ते सकाळी नीट असे आणि दुपारी दबून बसे. मग पाय खोबणीत हलायचा, घासायचा, सोलून निघायचा, आणि दादा कुणाच्या तरी ओट्यावर बसून राहायचा. पाऊणची प्रयोगशाळा नेमकी अशाच मऊ अस्तरांवर काम करत होती, त्यामुळे ही जबाबदारी कुणी न देताच तिने अंगावर घेतली. दादाने सरावासाठी रजा काढली. हाताशी तीन आठवडे होते.

पद्धत अशी ठरली. सकाळी चहा झाला की दादा खुर्चीत बसून पाय चढवायचा. पाऊण खाली बसून खोबणीच्या बाजूला एक छोटी डबी अडकवायची. अस्तरावर किती भार पडला आणि ते किती दबलं हे ती डबी दिवसभर टिपायची. डबीला एकच बटण होतं. ते दाबलं की त्या घडीला अस्तर जसं असेल ते डबी शून्य धरायची, आणि तिथून पुढे मोजायची.

"शून्य," पाऊण म्हणायची आणि बटण दाबायची. दादा उठायचा.

प्रयोगशाळेत एक यांत्रिक पाय होता. तो तेच अस्तर लावून दिवसभर जागच्या जागी चालायचा. खिडकीतून येणारं ऊन फरशीवरून सरकत त्याच्या टाचेखालून पलीकडे जायचं, आणि तो आपला चालतोय, न थकता, न पोचता. त्याच्या मागे फळीवर अस्तरं ओळीने ठेवलेली असत, पूर्ण विसावलेली, कशाचीही आठवण नसलेली. पाऊणला कधीकधी ती सगळी झोपलेली वाटत आणि ती उगाच हळू बोले. त्या यांत्रिक पायावर अस्तर संध्याकाळपर्यंत व्यवस्थित टिकायचं. समीकरणही तेच सांगायचं. दादाच्या पायात गेलं की दुपारी त्याचा दम संपायचा.

कुणाचं चुकतंय हे कळेना. पाऊणने समीकरणातला अंक, म्हणजे विकलन किती वेळा करायचं तो, बदलून पाहिला. पाऊणच्या ऐवजी थोडा कमी, मग अर्ध्याच्या जवळ. सोमवारचा दिवस जुळला की मंगळवार फिसकटायचा. मोठ्या बाईंनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, हे आलेख पाहिले आणि त्यांचे डोळे लकाकले.

"अहो, हा अंक स्थिर नाहीच," बाई म्हणाल्या. "तो दिवसागणिक बदलतोय. सध्या जगभर यावरच तर चाललंय, बदलत्या अंकाचं विकलन. तुमच्याकडे जिवंत माणसाच्या पायातला पुरावा आहे. लिहायला घ्या. हे छापून आलं तर लोक उभे राहतील."

खोटं कशाला बोला, पाऊणला मोह झाला. तिने दोन दिवस लिहिलंही. सुंदर दिसत होतं ते, नव्या कपड्यांतल्या पाहुण्यासारखं. पण एक गोष्ट तिला टोचत राहिली. रोज सकाळी, बटण दाबल्यावरच्या पहिल्या तासात, अस्तर दबायला हवं तितकं दबत नव्हतं. उलट कधीकधी किंचित वर येत होतं. वर एवढा धिप्पाड दादा, आणि अस्तर फुगतंय. दुपारी लवकर मरणारं अस्तर सकाळी एवढं उत्साही कसं?

त्या दुपारी ती बाहेरच्या खोलीतल्या जुन्या कोचावर जाऊन बसली. डोकं उठलं होतं. तिने हात शेजारी टेकला आणि तिला जाणवलं, हाताखालची गादी हळूहळू वर येतेय. अगदी सावकाश, कुशीवर वळणाऱ्या माणसासारखी. तिने हात काढला आणि बघत बसली. गादीत एक खळगा होता आणि तो भरून येत होता.

"इथे कोण बसलं होतं?" तिने विचारलं.

"मी," कोपऱ्यात चहा ओतणारा बॅटरीवाला म्हणाला. "चांगला तासभर. का? वजनावर बोलायचं नाही हं."

पाऊणचं तिकडे लक्षच नव्हतं. ती त्या खळग्याकडे बघत होती. आत्ता जर कुणी इथे डबी लावली आणि शून्य म्हटलं, तर डबीला वाटेल गादी आपोआप फुगतेय. डबीच्या लेखी बॅटरीवाला जन्मालाच आलेला नाही.

ती तशीच उठून आत गेली. मागचं सगळं लागतं, असं जगाला शिकवणारी बाई, आणि तिने स्वतः बटण दाबून मागचं सगळं पुसून टाकलं होतं. शून्याच्या आधी काही झालंच नाही असं धरलं होतं. का? तर नियम तिनेच केला होता: रात्रभर पाय काढून ठेवायचा, अस्तराला विसावा द्यायचा. प्रयोगशाळेतली अस्तरं फळीवर झोपतात, म्हणजे दादाचंही झोपतच असणार. हसावं की रडावं तिला कळेना. बदलत्या अंकाचं ते सुंदर लिखाण तिने बाजूला सारलं आणि गणित उलटं फिरवलं. सकाळच्या त्या फुगण्यावरून मागे मागे जात, रात्री काय झालं असेल ते काढायला बसली.

मागे जाणारं गणित धूसर असतं, धुक्यात दिसणाऱ्या रस्त्यासारखं. तपशील हाती येत नाहीत. पण तेवढ्यातूनही दिसलं ते स्पष्ट होतं. रात्रभर अस्तरावर भार होता. पहाटेकडे तर जास्तच.

संध्याकाळी ती घरी आली ती तणतणतच. दादा खिडकीशी बसून सोललेल्या जागी मलम लावत होता.

"तू पहाटे उठून सराव करतोस," ती म्हणाली. "माझ्यापासून लपवून. म्हणून दुपारी तुझं अस्तर संपतं. मी तिकडे जगाचं गणित उलथंपालथं करतेय आणि तू इथे ताकाला जाऊन भांडं लपवतोस."

"मी पहाटे उठत नाही," दादा म्हणाला.

"गणित खोटं बोलत नाही."

"उठत नाही म्हटलं ना. झोपलेला असतो मी." त्याने मलमाचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. "पाय घालून झोपतो."

पाऊण त्याच्यासमोर खाली बसली.

"हसणार नसशील तर सांगतो," दादा म्हणाला. "पाय गेल्यापासून मला रोज तेच स्वप्न पडायचं. मी वस्तीच्या पायथ्याशी उभा आहे. खांद्याला पिशवी, गच्च भरलेली. वर लोक दारांत वाट बघतायत. आणि खाली बघतो तर पाय नाही. मग मी तिथेच उभा. रात्रभर नुसता उभा. सकाळी उठलो की ठसे मारायला जायचं. एक दिवस असाच पाय न काढता डोळा लागला, आणि त्या रात्री स्वप्नात पाय होता. मी चालायला लागलो, पाऊण. पहिलं दार, दुसरं दार. तेव्हापासून तू तुझ्या खोलीत गेलीस की मी पाय पुन्हा चढवतो, आणि सकाळी तू यायच्या आधी काढून ठेवतो. तू नियम केला होतास ना, म्हणून सांगितलं नाही. आणि हे सांगायचं तरी कसं? पन्नाशीचा घोडा मी."

तिला भरून आलं. पण ती गणिती होती आणि सोमवार तोंडावर आला होता. "दादा," ती शक्य तितक्या मऊपणाने म्हणाली, "सोमवारपर्यंत पाय काढून झोप. अस्तर विसावलं तर संध्याकाळपर्यंत टिकेल. मी सांगते ना."

दादाने मान डोलावली. लहानपणापासून तिने कधी पूर्ण मागितलं नव्हतं, म्हणून तिने मागितलेलं त्याने कधी मोडलं नव्हतं.

आणि अस्तर टिकलं. दुसऱ्या दिवसापासूनच डबीवरची रेघ समीकरणाच्या रेघेवर अशी जाऊन बसली की बोट ठेवायला फट नाही. फुगणं नाही, दुपारी मरणं नाही. मोठ्या बाई जरा हिरमुसल्या, पण त्यांनीही पाठ थोपटली. फक्त एक झालं. दादा चालेना. पाय दुखत नव्हता, सोलत नव्हता, पण तो वस्तीच्या पायथ्याशी जायचा, चार पायऱ्या चढायचा आणि परत फिरायचा. पाऊण एकदा सोबत गेली तेव्हा तिने पाहिलं. पाचव्या पायरीशी तो थांबला, खाली पायाकडे बघितलं, आणि कठड्याला धरून उभा राहिला. चेहरा असा की जणू पायरीच्या जागी पाणी आहे.

"काय होतंय?" तिने विचारलं.

"काही नाही," दादा म्हणाला. "रात्रभर उभा राहून पाय भरून आलेत."

रात्री तो अंथरुणात होता. हे तिलाही माहीत होतं आणि त्यालाही. पण तिला त्या क्षणी लख्ख कळलं की तो खरंच रात्रभर उभा होता, पिशवी खांद्याला घेऊन, आणि तिनेच त्याला उभं केलं होतं. अस्तराच्या मागचं सगळं तिने जमेस धरलं, अगदी काटेकोर. माणसाच्या मागचं तेवढं शून्य केलं. स्वतःची इतकी चीड तिला कधी आली नव्हती.

ती तिथूनच प्रयोगशाळेत गेली. फळीवरच्या झोपलेल्या अस्तरांतून तिने एक काढलं, त्यात आणखी एक मऊ थर भरला, दिवसभराच्या वजनाला कधीच पुरला नसता इतका मऊ. बाईंनी विचारलं, "हे कशासाठी?"

"झोपेत चालण्यासाठी," पाऊण म्हणाली. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं, पण पुढे विचारलं नाही. शहाण्या होत्या.

संध्याकाळी तिने दोन अस्तरं दादाच्या समोर ठेवली. "हे दिवसाचं. हे रात्रीचं. दिवसाच्याला रात्री विसावा मिळेल आणि तुलाही कुणी उभं करणार नाही. हवं तितकं चाल."

दादाने रात्रीचं अस्तर हातात घेतलं, दाबून पाहिलं, सोडलं, पुन्हा दाबून पाहिलं. "एवढंसं डोकं तुझं," तो शेवटी म्हणाला, "त्यात हे सगळं मावतं कुठे?"

"पाऊणच मावतं," ती म्हणाली. दोघं हसले. हसताना तिला नाक ओढावं लागलं, ते निराळं.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. दादा रोज थोडा वर जाऊ लागला. सकाळी चहाच्या वेळी तो रात्रीची हकिकत सांगायचा, जणू कालच्या फेरीचीच. काल विहिरीच्या चौकापर्यंत गेलो. काल शिंप्याने दार उघडायला वेळ लावला. आज घड्याळवाल्या म्हातारीच्या निळ्या दारापर्यंत पोचलो, बरं का, सगळी घड्याळं वाजत होती, प्रत्येकाची वेळ वेगळी. आणि दिवसाउजेडी तो जिथवर जायचा ते रात्री गाठलेल्या जागेच्या एखादं वळणच मागे असायचं.

रविवारी संध्याकाळी त्यानेच डबी पुढे केली. "आज रात्रीच्या अस्तराला लाव," तो म्हणाला. "तुला बघायचं असेल तर. आणि उद्या सकाळी बटण दाबू नकोस. चालू राहू दे."

"शून्य नको?"

"नको. मी काय उद्याच जन्मणार आहे?"

सोमवारी सकाळी त्याने अस्तर बदललं. पाऊणने डबीतली रात्रीची नोंद आपल्या यंत्रात उतरवून घेतली आणि डबी तशीच चालू ठेवून दिवसाच्या अस्तराला अडकवली. बटणाला हात लावला नाही. ती स्वतः फेरीला बरोबर जाणार नव्हती, दादाने आधीच बजावलं होतं: "तू बघत असलीस की मी पाऊल मोजत बसतो. घरी थांब. फेरी संपली की साहेब पोस्टाच्या गाडीतून दारात सोडणार आहेत." त्याने पिशवी खांद्याला लावली, आरशात न बघता टोपी सारखी केली आणि गेला.

घरात ती एकटी. काम सुचेना. चहा केला, तो गार झाला. शेवटी तिने रात्रीची नोंद उघडली आणि रेघेवर नजर टाकली.

झोपलेल्या माणसाचा पाय तो, त्याला जोर किती असणार? पण स्नायूंचे बारीक बारीक धक्के अस्तराने जसेच्या तसे जपले होते. आधी बराच वेळ सपाट. मग पहाटेच्या सुमारास हलके ठोके सुरू झाले, एका लयीत. ठोके, मग थांबा. ठोके, मग थांबा. ती वस्ती तिला तोंडपाठ होती, लहानपणी सुट्टीच्या दिवशी तिने दादाचं बोट धरून सगळी दारं पाहिली होती. तिने रेघेवर बोट ठेवलं आणि बोटाने चढू लागली. हा पानवाल्याचा थांबा नव्हे, हा बेकरीचा. हा शिंप्याचा, इथे वेळ लागतो. इथे ठोके जड झाले, म्हणजे उभा चढ. आणि हा लांब थांबा, निळं दार. दादा स्वप्नात पोचला होता. तिला हायसं वाटलं. खिडकीतून ऊन येऊन तिच्या गुडघ्यावर बसलं होतं, आणि क्षणभर तिला ते ठोके कानांनी ऐकू आल्यासारखे वाटले.

पण रेघ तिथे संपत नव्हती. निळ्या दारानंतर ठोके पुन्हा सुरू झाले होते, हलके, भरभर, उतारावरचे. मग सपाटीवरचे, लांबच लांब. आणि मग एक शेवटचा थांबा. त्यापुढे काही नाही, सपाट झोप. हे कुठलं दार? वस्ती तर केव्हाच मागे पडली होती. फेरीत असं दार नव्हतं. तिने पुन्हा पुन्हा मोजून पाहिलं, डोकं खाजवलं, नोंद चुकली असेल म्हणून सोडून दिलं, आणि पुन्हा त्या थांब्याशी आली.

ऊन उतरलं. गाडीची वेळ टळली. तिच्या मनात नको ते येऊ लागलं. मन चिंती ते वैरी न चिंती. अस्तर दुपारी बसलं असेल. पाचव्या पायरीशी दादा कठडा धरून उभा असेल आणि साहेब घड्याळाकडे बघत असतील. तिने खिडकीतून रस्ता पाहिला. गाड्या येत होत्या, जात होत्या, त्यांत पोस्टाची नव्हती. मग ती दारापाशी येऊन बसली, जमिनीवर, पाय पोटाशी घेऊन. आपण असं का बसलो हे तिला कळलं नाही. आतून कडी लावलेली होती, तीही केव्हा लावली आठवेना.

बाहेर पावलं वाजली. एक पाऊल मऊ, एक टणक. एक मऊ, एक टणक. दमलेली होती, पण थांबत नव्हती. जिन्याशी आली, जिना चढली, दाराशी येऊन उभी राहिली. तोच शेवटचा थांबा होता.

टकटक झाली.

"कोण?" पाऊण म्हणाली. आवाज सात वर्षांच्या मुलीचा निघाला, त्याला ती काय करणार.

"पोस्ट," बाहेरून जाड आवाज आला. दम लागलेला होता. "सही लागेल."

तिने कडी काढली. दादा घामाने निथळत होता. पिशवी रिकामी होऊन पोटाशी लोंबत होती, टोपी तिरकी झाली होती. "गाडी नको म्हटलं साहेबांना," तो म्हणाला. "ते बिचारे निळ्या दाराशीच पायरीवर बसले होते, म्हातारीकडून पाणी मागून घेतलं त्यांनी. उद्यापासून वस्ती माझी." मग त्याने तळहात पुढे केला.

डबी अजून चालू होती. पाऊणने ती तशीच राहू दिली आणि त्याच्या तळहातावर बोटाने सही केली, वेडीवाकडी, पण या वेळी पूर्ण.